मेल परत येतायत: सर्व्हर दुरुस्त करावा, रिले लावावा की सगळंच हलवावं?

अकाउंट्समधून फोन येतो की तीन ग्राहकांना बिलं पोचलीच नाहीत. सेल्सवाल्यांच्या इनबॉक्समध्ये ‘मेलर-डेमन’ नावाच्या कुणाकडून आलेल्या इंग्रजी पत्रांचा ढीग. तासाभरात बैठक बसते. सर्व्हर सांभाळणारा म्हणतो, ‘दोन तास द्या, दुरुस्त करतो.’ दुसरा म्हणतो, ‘बाहेर जाणारी मेल एखाद्या रिले सेवेकडे वळवा, कटकट संपेल.’ आणि कुणीतरी वरिष्ठ म्हणतातच, ‘आता स्वतःचा मेल सर्व्हर ठेवतं कोण? सगळं गूगलवर नाहीतर मायक्रोसॉफ्टवर टाका.’

तिघांचंही बरोबर असू शकतं, पण एकाच बाउन्सबद्दल, म्हणजे एकाच परत आलेल्या मेलबद्दल, नाही. मेल परत येण्याची काही दुखणी सर्व्हरच्या आयपी पत्त्याला जडलेली असतात. तो आयपी सोडला की ती सुटतात. काही दुखणी डोमेनची असतात, आणि डोमेन तर तुम्ही कुठेही गेलात तरी तेच राहणार. काही माणसांची असतात, म्हणजे कुणाचा तरी पासवर्ड फुटलेला असतो. या तीन पर्यायांची तुलना मी याच फूटपट्टीने करतो: कुठलं दुखणं मागे राहतं आणि कुठलं सामानाबरोबर येतं.

आधी ते पत्र शेवटपर्यंत वाचा

लोक आयटीला बाउन्सचा स्क्रीनशॉट पाठवतात, आणि त्यात नेमक्या पहिल्या तीन ओळी असतात: ‘क्षमस्व, तुमचा संदेश पोचवता आला नाही.’ ही प्रस्तावना बहुतेक वेळा आपल्याच सर्व्हरने लिहिलेली असते. कामाचा मजकूर खाली असतो, समोरच्या सर्व्हरने नकार देताना उच्चारलेलं वाक्य, आकड्यांसकट. तेच हवं.

पहिला आकडा तीन अंकी. ४ ने सुरू झाला तर ‘आत्ता नको, नंतर ये’. ५ ने सुरू झाला तर ‘नाही म्हणजे नाही’. त्याला लागून ठिपक्यांचा दुसरा कोड येतो आणि निदान बरंचसं त्यावर होतं. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. ५.२.२ म्हणजे समोरचा मेलबॉक्स भरलाय. ५.७ ने सुरू होणारे कोड धोरणाचे: पत्ता बरोबर आहे, पण तुमच्याकडून घ्यायचं नाही. जीमेलचा ५.७.२६ म्हणजे पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही, ५.७.२५ म्हणजे तुमच्या आयपीला उलटं नाव, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारा पीटीआर रेकॉर्ड, नाही. आउटलुक डॉट कॉम, हॉटमेल अशा मायक्रोसॉफ्टच्या घरगुती मेलकडून ‘तुमच्या नेटवर्कचा काही भाग आमच्या ब्लॉक यादीत आहे’ असं आलं, तर भांडण आयपीशी आहे.

४ वाल्यांची एक गंमत आहे, आणि ती कंपन्यांना चांगलीच भोवते. तात्पुरता नकार मिळाला की सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ही चिकाटी मूळ सेटिंगप्रमाणे ५ दिवस चालते, मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजमध्ये २ दिवस. त्यातही पोस्टफिक्स मूळ सेटिंगमध्ये ‘उशीर होतोय’ अशी सूचना पाठवणाऱ्याला देतच नाही. म्हणजे सोमवारी पाठवलेलं कोटेशन अडकलंय हे शनिवारी कळतं, आणि निविदा शुक्रवारी बंद झालेली असते. उशिराच्या सूचनेची वेळ ४ तासांवर आणून ठेवा. पुढे कुठलाही पर्याय निवडलात तरी ही एक ओळ आजच बदलण्यासारखी आहे.

आणखी दोन प्रकार वेगळे काढायला हवेत. तुम्ही पाठवलेलीच नाहीत अशा मेलचे बाउन्स येत असतील, तर कुणीतरी तुमचा पत्ता ‘प्रेषक’ म्हणून वापरून दुसरीकडून कचरा पाठवतंय. आपल्या सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या मेलचा मागमूसही नसेल. आणि समोरच्याने २५०, म्हणजे ‘ठीक, मिळाली’, म्हणून मेल घेतली, पण ती स्पॅममध्ये गेली, तर तो बाउन्स नाही. पहिल्याचं औषध डीमार्क (तो काय ते पुढे येतं), दुसऱ्याचं सावकाश पत कमावणं. सर्व्हर हलवून यातलं एकही लगेच बरं होत नाही.

पर्याय पहिला: आहे तोच सर्व्हर ठीक करणे

मी मुळात याच बाजूचा माणूस, त्यामुळे इथे जरा जास्त लिहिणार. स्वतःच्या सर्व्हरची सगळ्यात मोठी श्रीमंती म्हणजे लॉग. कुठली मेल किती वाजता कुठल्या आयपीवरून कुणाकडे गेली आणि समोरचा काय म्हणाला, हे अक्षरशः समोर असतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ वरही मेसेज ट्रेस मिळतो, पण जितकं दाखवायचं ठरलंय तितकंच दिसतं.

बहुतेक दुरुस्त्या सर्व्हरच्या आत नसतातच, त्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन आणि आयपींच्या जाहीर नोंदवहीत, असतात. पीटीआर हवा, आणि तो ज्या नावाकडे बोट दाखवतो त्या नावाने पुन्हा त्याच आयपीकडे यायला हवं. हा रेकॉर्ड तुमच्या डोमेनच्या पॅनलमध्ये बसत नाही. आयपी ज्याच्या मालकीचा, त्या इंटरनेट कंपनीला लिहावं लागतं, आणि तिथला पहिला माणूस हमखास विचारतो, ‘म्हणजे काय?’ समोरच्याशी बोलणं सुरू करताना सर्व्हर ‘हेलो’ म्हणून स्वतःचं जे नाव सांगतो तेही खरं, पूर्ण आणि बाहेरून सापडणारं हवं. कार्यालयातल्या अंतर्गत नावाने ओळख करून देणारे सर्व्हर अजून सापडतात.

मग एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर पाठवू शकतात त्याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची सही. डीमार्क म्हणजे ‘प्रेषक’ म्हणून दिसणारं डोमेन या दोनांपैकी एकाशी तरी जुळतं का, आणि नसेल तर काय करायचं, याची सूचना. १९८२ साली एसएमटीपीचं मानक लिहिलं गेलं तेव्हा पाठवणारा खरा आहे का हे विचारण्याची सोयच ठेवली नव्हती. ही तिन्ही त्यावर नंतर लावलेली ठिगळं आहेत. पण ठिगळं आता सक्तीची झाली आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याला तिन्ही हवीत. त्याहून कमी पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि व्यवस्थित पीटीआर लागतोच. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक डॉट कॉमनेही मोठ्या पाठवणाऱ्यांना तोच बडगा दाखवला. ५.७.५१५ हा कोड दिसला तर तो त्यातलाच.

आता आयपीची पत. इथे सर्व्हर दुरुस्त करणारा बऱ्याचदा चुकीच्या दाराशी बसलेला असतो. मेलसाठी अविश्वासू आयपींच्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउसच्या यादीत नाव आलं म्हणून सर्व्हर उलटापालटा केला जातो, आणि सर्व्हर निर्दोष असतो. कार्यालयातले सगळे लॅपटॉप आणि मेल सर्व्हर एकाच सार्वजनिक आयपीमागून बाहेर जातात. एका लॅपटॉपमधलं मालवेअर थेट २५ नंबरच्या पोर्टवरून कचरा फेकतं आणि बोल लागतो सर्व्हरला. फायरवॉलमध्ये बाहेर जाणारा पोर्ट २५ फक्त मेल सर्व्हरला उघडा आणि बाकी सगळ्यांना बंद, हा नियम पाच मिनिटांत लिहून होतो. तो न लिहिता यादीतून नाव काढून घेणं व्यर्थ आहे. नाव परत चढतं, आणि दर खेपेला उतरवणं अवघड होत जातं.

स्पॅमहाउसच्या यादीतही कोणती यादी ते बघावं. पीबीएल ही शिक्षा नाही. ‘या पट्ट्यातले आयपी घरगुती किंवा बदलते आहेत, इथून थेट मेल येणं अपेक्षित नाही’ एवढंच ती सांगते. आयपी स्थिर असेल आणि त्यावर खरोखर मेल सर्व्हर असेल, तर तो वगळून घेता येतो. एक्सबीएलमध्ये असाल तर मात्र आत काहीतरी बाधित आहे असं समजून शोधायला लागा.

मला सगळ्यात जास्त छळलेला बाउन्स कुठल्याच यादीत नव्हता. मेल काही दिवस व्यवस्थित जात, मग अचानक दोन-चार तास जीमेलकडून परत येत, मग पुन्हा सुरळीत. एसपीएफ बघितला, ठीक. पीटीआर बघितला, ठीक. तिसऱ्या दिवशी लॉगच्या वेळा आणि फायरवॉलच्या वेळा शेजारी ठेवल्या तेव्हा उजेड पडला: मुख्य इंटरनेट लाइन पडली की फायरवॉल गुपचूप दुसऱ्या लाइनवर जात होता. त्या लाइनच्या आयपीला पीटीआर नव्हता, आणि एसपीएफमध्ये तो कुणी घातलाच नव्हता. दुसरी लाइन घेतली तेव्हा सगळ्यांनी ‘आता नेट कधी बंद पडणार नाही’ म्हणून पेढे खाल्ले होते. त्याचंच भावंड म्हणजे आयपीव्ही६: सर्व्हरला नवा आयपीव्ही६ पत्ता मिळतो, तो त्याच वाटेने जीमेलकडे जाऊ लागतो, आणि त्या पत्त्याला पीटीआर नसल्याने मेल परत येते. तो नीट बसवता येईपर्यंत बाहेर जाणारी मेल आयपीव्ही४ वरच ठेवली तरी कुणाचं काही बिघडत नाही.

आकाराचे बाउन्स पटकन उरकतो. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट, म्हणजे जेमतेम १० एमबी. जोडलेली फाइल मेलमध्ये घालताना मजकुरात रूपांतरित होते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणून ८ एमबीची पीडीएफ ‘१० ची मर्यादा आहे ना?’ म्हणत परत येते.

या पर्यायाची किंमत पैशात कमी आणि माणसात जास्त आहे. कुणीतरी लॉग वाचणारा हवा, पोस्टमास्टर या पत्त्यावर आलेली मेल उघडणारा हवा. (हा पत्ता असणं मानकाप्रमाणे बंधनकारक आहे, आणि बहुतेक कंपन्यांत तो अशा मेलबॉक्सकडे जातो ज्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही.) असा माणूस असेल तर दुरुस्ती टिकते. एकच असेल आणि तो नोकरी सोडायच्या बेतात असेल, तर पुढचं वाचा.

पर्याय दुसरा: मेलबॉक्स इथेच, पाठवणी दुसऱ्याकडे

रिले म्हणजे, एक्स्चेंजच्या भाषेत स्मार्ट होस्ट. येणारी मेल, मेलबॉक्स, कॅलेंडर सगळं जिथे आहे तिथेच. फक्त बाहेर जाणारी प्रत्येक मेल आपला सर्व्हर ५८७ पोर्टवरून, लॉगिन करून, एका पाठवणी-सेवेकडे सोपवतो आणि पुढचं ती बघते. अमेझॉन एसईएस, मेलगन, सेंडग्रिड, पोस्टमार्क ही त्यातली नावं. पोस्टफिक्समध्ये तीन-चार ओळींचं काम आहे. वापरणाऱ्यांना काही कळतही नाही.

आयपीचं दुखणं असेल तर हा पर्याय जादूसारखा वाटतो. ब्लॅकलिस्ट, पीटीआर, हेलोचं नाव, दुसरी लाइन: सगळं एका दुपारी अप्रस्तुत होतं, कारण जगाला तुमचा आयपी दिसतच नाही. सर्व्हर क्लाउडवर असेल तर बहुधा पर्यायच नसतो. अमेझॉन, गूगल क्लाउड आणि अझूर यांच्याकडे मूळ व्यवस्थेतच बाहेर जाणाऱ्या पोर्ट २५ वर बंदी किंवा मोठी मर्यादा असते. तिथे नकाराचा कोड येत नाही. लॉगमध्ये नुसतं ‘कनेक्शनची वेळ संपली’ दिसत राहतं आणि सगळ्या मेल पाचव्या दिवशी एकदम परत येतात. अशा ठिकाणी सेटिंग तपासत बसू नका, रिले लावा.

पण डोमेनचं दुखणं असेल तर रिले काहीच बरं करत नाही. वर स्वतःची भर घालतो. सगळ्यात नेहमीची चूक: रिलेवाले म्हणतात ‘हा एसपीएफ रेकॉर्ड घाला’, आणि कुणीतरी जुना तसाच ठेवून शेजारी दुसरा घालतो. एका डोमेनला दोन एसपीएफ रेकॉर्ड झाले की तपासणारा कायमची चूक धरतो, म्हणजे आधी चालू होतं तेही बंद. एकाच ओळीत मिसळायचं असतं. आणि त्या ओळीला मर्यादा आहे: एसपीएफ तपासताना १० पेक्षा जास्त डीएनएस शोध झाले तरी निकाल तोच. न्यूजलेटरची सेवा, सपोर्ट तिकिटांची सेवा, सीआरएम, पगारपत्रकं पाठवणारी सेवा, प्रत्येकाने आपापली भर घातलेली असते. अकरावी भर रिलेची निघाली की खापर रिलेवर फुटतं. वापरात नसलेल्या सेवा आधी छाटा.

दुसरं, रिले म्हणजे परक्या घरचे नियम. एसईएसमध्ये नवं खातं चाचणी अवस्थेत असतं: २४ तासांत २०० मेल, त्याही पडताळलेल्या पत्त्यांनाच. बाहेर पडायला अर्ज करावा लागतो. शुक्रवारी संध्याकाळी बाउन्सचा पूर आलेला असताना ही गोष्ट कळणं फार वाईट. पुढे बाउन्सचं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की खातं तपासणीखाली जाऊ शकतं, १० टक्क्यांवर पाठवणी थांबू शकते. तक्रारींच्या बाबतीत हेच आकडे ०.१ आणि ०.५ टक्के आहेत. सेल्सवाल्यांनी कुठूनतरी मिळवलेली दहा हजार पत्त्यांची यादी एकदा ढकलली, की अकाउंट्सची बिलंही बंद.

तिसरं लोकांच्या फार उशिरा लक्षात येतं. या सेवा कायमचा बाउन्स आलेला पत्ता मनाई-यादीत टाकतात. समोरच्या ग्राहकाचा सर्व्हर एका सकाळी बिघडून चुकून ‘असा पत्ता नाही’ म्हणाला, की तो पत्ता यादीत. दुपारी त्यांनी दुरुस्त केलं तरी तुमची मेल त्यांच्या दारापर्यंतही जात नाही. आपल्या लॉगमध्ये मात्र सगळं हिरवं, कारण रिलेने मेल घेतली होती. रिले लावला की आपला लॉग अर्धाच उरतो. उरलेली गोष्ट त्यांच्या डॅशबोर्डवर असते, आणि तो बघायची सवय कुणाला तरी लावून घ्यावी लागते.

चौथं, फॉरवर्ड. एखाद्याने आपल्या मेलबॉक्सची सगळी मेल आपोआप खाजगी पत्त्यावर वळवली असेल, तर त्या मेलचा प्रेषक तुमच्या डोमेनचा नसतो, आणि पडताळलेल्या डोमेनचीच मेल घेणारा रिले ती नाकारतो. रिले लावण्याआधी कोणी कोणी असे फॉरवर्ड लावून ठेवलेत ते काढून बघा; यादी लांबलचक निघते.

एक मधला रस्ताही आहे. पोस्टफिक्सला सांगता येतं की अमुक डोमेनची मेल रिलेमार्गे आणि बाकीची थेट. एकाच ठिकाणाहून नकार येत असेल तर उत्तम. मात्र मायक्रोसॉफ्टचा नकार येत असेल तर अडचण अशी, की अनेक ग्राहकांची मेल त्यांच्या स्वतःच्या डोमेननावाने मायक्रोसॉफ्टवर असते. नावावरून ओळखू येत नाही. एकेक डोमेन यादीत घालत बसावं लागतं, आणि दोन महिन्यांनी ती यादी का आहे हे कुणाला आठवत नाही.

पर्याय तिसरा: गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५

इथे मुख्य प्रश्न बाउन्सचा उरतच नाही. मेलबॉक्सची जागा, बॅकअप, फोनवरचं कॅलेंडर, दोन टप्प्यांचं लॉगिन, यासाठी हलवायचं असेल तर जरूर हलवा. पण फक्त आठवडाभर मेल परत आल्या म्हणून हलवत असाल, तर थोडं थांबा. आयपीची चिंता जाते हे खरं. पण तेवढ्यासाठी रिले पुरतो.

आणि डोमेनचं दुखणं इथेही येतं, जरा चांगले कपडे घालून. लोक समजतात की गूगलवर गेलो म्हणजे सही आपोआप झाली. होते, पण तुमच्या डोमेनच्या नावाने नाही. जोपर्यंत ॲडमिन पॅनलमध्ये किल्ली तयार करून, ती डीएनएसमध्ये घालून, सही सुरू करत नाही, तोपर्यंत गूगल स्वतःच्या एका डोमेनने सही करतो. मायक्रोसॉफ्टही तसंच, त्यांच्या ‘ऑनमायक्रोसॉफ्ट’ डोमेनने. डीमार्कच्या दृष्टीने ती सही जुळत नाही. सगळा भार एकट्या एसपीएफवर येतो, आणि मेल कुणी पुढे फॉरवर्ड केली की एसपीएफ तुटतो. मग ‘गूगलवर असूनही परत येते’ अशी तक्रार.

स्थलांतर स्वतःचे काही नवे बाउन्सही घेऊन येतं. सगळ्यात फसवा हा: वेबसाइट ज्या होस्टिंगवर आहे तिथे पूर्वी मेलही होती. मेल हलली, एमएक्स, म्हणजे मेल कुठे द्यायची ते सांगणारे डीएनएस रेकॉर्ड, बदलले, सगळं जग नव्या घरी मेल पाठवतंय. फक्त तो जुना सर्व्हर अजून समजतो की हे डोमेन माझंच. वेबसाइटच्या फॉर्मवरची चौकशी तो स्वतःच्या घरात शोधतो आणि ‘असा वापरकर्ता नाही’ म्हणतो. बाहेरून कितीही तपासा, सापडत नाही. होस्टिंगच्या पॅनलमध्ये मेलचं ठिकाण ‘लोकल’वरून ‘रिमोट’ केलं की संपतं.

दुसरा एक्स्चेंजवरून मायक्रोसॉफ्ट ३६५ वर जाणाऱ्यांना भेटतो. आउटलुक पत्ते लिहिताना सुचवतो ते जुन्या अंतर्गत ओळखीवरून. हलल्यावर सहकाऱ्याला लिहिलेली मेल विचित्र, लांबलचक पत्त्यासकट परत येते. सुचवलेली नोंद पुसून पत्ता नव्याने टाइप केला की जाते; सगळ्यांसाठी एकदम सोडवायचं तर ती जुनी ओळख नव्या मेलबॉक्सला जोडून ठेवावी लागते.

मर्यादाही बघून घ्या. वर्कस्पेसमध्ये एका वापरकर्त्याला दिवसाला २,००० मेल. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये एका मेलबॉक्सवरून दिवसाला १०,००० प्राप्तकर्ते आणि मिनिटाला ३० मेल. माणसांना हे भरपूर आहे. महिन्याच्या एक तारखेला हजारो बिलं एकाच पत्त्यावरून सोडणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र ‘मिनिटाला ३०’ झोंबतं. त्याच्यासाठी वेगळा रिले ठेवावाच लागतो, म्हणजे दुसरा पर्याय मागच्या दाराने घरात येतोच.

शेजारी शेजारी ठेवून

| दुखणं | सर्व्हर दुरुस्त केला तर | रिले लावला तर | सगळं हलवलं तर |
|---|---|---|---|
| चुकीचे, बंद पत्ते (५.१.१) | यादी साफ करावी लागते | तीच गोष्ट, वर मनाई-यादी | तीच गोष्ट |
| एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क | करावं लागतं | करावं लागतं, एक भर जास्त | करावं लागतं, सही हाताने सुरू करायची |
| आयपी काळ्या यादीत | कारण शोधा, मग नाव काढा | सुटतं | सुटतं |
| पीटीआर, दुसरी लाइन, पोर्ट २५ | इंटरनेट कंपनी किंवा क्लाउडवाल्यांवर अवलंबून | सुटतं | सुटतं |
| फुटलेला पासवर्ड | आयपीची पत जाते | पूर्ण कंपनीची पाठवणी थांबू शकते | बहुधा तो एकच वापरकर्ता अडतो |
| निदानासाठी लॉग | संपूर्ण | अर्धा इथे, अर्धा तिथे | ते दाखवतील तेवढा |
| लागणारा वेळ | तासांपासून आठवड्यापर्यंत | साधारण एक दिवस, मंजुरी मिळाली तर | आठवडे |

फुटलेल्या पासवर्डची ओळ पुन्हा वाचा, कारण अचानक सुरू झालेल्या बाउन्सच्या पुरामागे बहुतेक वेळा मला तोच सापडला आहे. खूण सोपी: रांगेत हजारो मेल, सगळ्यांचा प्रेषक एकच, किंवा लॉगमध्ये एकाच नावाने परदेशी आयपींवरून लॉगिन. ही अवस्था असताना रिले लावलात, तर तो कचरा जास्त वेगाने आणि तुमच्या नव्या खात्याच्या नावावर जाईल. आधी ते खातं बंद करा, पासवर्ड बदला, त्या प्रेषकाच्या मेल रांगेतून पुसा. हे काम कुठल्याही पर्यायाच्या आधीचं आहे.

बैठकीत एक चौथा पर्यायही हमखास निघतो: ‘आयपीच बदलून घेऊ.’ नव्या आयपीला पत नसते, किंवा आधीच्या भाडेकरूची असते. मूळ कारण तसंच असेल तर पंधरा दिवसांत पुन्हा तिथेच.

मग कुणी काय घ्यावं

बाउन्समध्ये ओळख न पटल्याचे कोड असतील तर काहीही विकत घेऊ नका. डीएनएसचं काम करा, डीमार्क आधी नुसत्या निरीक्षणावर ठेवा, त्याचे रोजचे अहवाल दोन-तीन आठवडे वाचा. तुमच्या नावाने कोण कोण पाठवतंय हे बघून चकित व्हाल. मग कडक करा.

आयपी किंवा पोर्टचं दुखणं असेल, आणि सर्व्हरवर बाकी सगळं समाधानकारक चाललं असेल, तर रिले. माझं मत विचाराल तर लहान-मध्यम कंपन्यांसाठी सगळ्यात जास्त वेळा हेच उत्तर निघतं, आणि ते बैठकीत सगळ्यात कमी मांडलं जातं, कारण ते विकण्यात कुणाला फारसा रस नसतो. स्वतः दुरुस्त करून थेट पाठवत राहणं त्यांनाच परवडतं ज्यांच्याकडे लॉग रोज उघडणारं कुणीतरी आहे, किंवा ज्यांची मेल कायद्याने वा करारामुळे तिसऱ्याच्या हातातून जाऊ शकत नाही. रिलेला मजकूर दिसू शकतो, ही गोष्ट करार लिहिणाऱ्यांना आधी सांगा.

सर्व्हर सांभाळणारा एकच माणूस, हार्डवेअर म्हातारं, पासवर्ड एका टप्प्याचे: अशी स्थिती असेल तर हलवा, आणि कारण म्हणून बाउन्स सांगू नका.

निर्णय झाला की एक काम उरतं ते रांगेचं. नवी वाट तयार झाली आणि रांग हलवली, की चार दिवस अडकलेल्या सगळ्या मेल एका झटक्यात निघतात. त्यात मंगळवारच्या बैठकीचं निमंत्रण असतं, नंतर फोनवरून रद्द केलेलं कोटेशन असतं, आणि तेच बिल तीनदा असतं, कारण अकाउंट्सने ‘गेलं नाही वाटतं’ म्हणून पुन्हा पुन्हा पाठवलेलं असतं. रांगेची यादी काढून आधी अकाउंट्स आणि सेल्सच्या लोकांसमोर ठेवा, त्यांनी खुणा केलेल्या मेल पुसा, आणि मगच उरलेली सोडा.